खुनी कोण होता बरं?

बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पी, सकाळचं शब्दकोडं... पन्नाशी उलटली की माणूस स्मरणशक्तीच्या मागे हात धुऊन लागतो. रहस्यकथा वाचणाऱ्याने मात्र या भानगडीत पडू नये. विसरभोळेपणा जितका पक्का, तितकी त्याच्या कपाटातली वाचलेली पुस्तकं पुन्हा कोरी करकरीत. एवढ्या महागाईत दुसरं कुठलं व्यसन इतकं स्वस्त पडतं?

अर्थात पुस्तकही विसरण्याच्या लायकीचं हवं. अगाथा ख्रिस्तीची १९२६ची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' घ्या. तिच्यातला खुनी एकदा कळला की जन्मात विसरत नाही. १९३४च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'ची तीच गत. बाईंनी हुशारी जरा आवरती घेतली असती, तर गिऱ्हाइकाचं भलं झालं असतं. वाचकांचे खरे हितचिंतक आपले बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर रहस्यकथा! झुंजार आणि काळा पहाड यांचे पराक्रम वाचत शेवटच्या पुस्तकापर्यंत पोचेतो पहिल्यातलं प्रेत कुणाचं, हे कोण आठवतंय? चला, पुन्हा पहिल्यापासून.

गंमत म्हणजे सगळंच काही विसरत नाही. बंगल्याचा करकरणारा जिना आठवतो, विषाची बाटली कुठल्या खणात होती तेही आठवतं. खुनी तेवढा निसटतो. मग चाळिसाव्या पानावर आपण घरच्यांना ऐकवतो, "हा पुतण्या मला पहिल्यापासून खटकतोय हं." शेवटी पुतण्याच निघतो आणि आपण आपल्या तर्कबुद्धीवर बेहद्द खूश. ती तर्कबुद्धी नसून मागच्या वाचनाचा गाळ आहे, असं म्हणणाऱ्याला त्या दिवशी चहा विचारू नये.

खरा वैरी म्हणजे सगळं लख्ख आठवणारा. लंडनला 'द माउसट्रॅप' हे नाटक १९५२ साली सुरू झालं; प्रयोग संपला की प्रेक्षकांना हात जोडून सांगतात, शेवट बाहेर फोडू नका. आपल्याकडे ते मध्यंतरातच संपलं असतं. बटाटेवड्याच्या रांगेत मागचे काका चटणी मागता मागता खुनी सांगून मोकळे!

वाचनालयाच्या पुस्तकात हेच काका पेन्सिल घेऊन अवतरतात. पात्राच्या नावाखाली दुहेरी रेघ, समासात 'हाच तो!!' एका प्रतीत त्याखाली दुसऱ्या कुणी निळ्या शाईत लिहिलं होतं, 'साफ चूक, बायको बघा.' तिसऱ्याने ती दोघंही खोडून उशिराचा दंड घेणाऱ्या ग्रंथपालांचं नाव टाकलं होतं.