गाइड बोलत असताना मध्ये बोलू नये

गाइडचे पैसे तिकिटातच धरले होते, म्हणून तिचं ऐकून घेणं भाग होतं. एरवी नळदुर्गबद्दल मला कुणी काही सांगावं, अशी वेळ निदान मुरुमात तरी कधी आली नव्हती. गावात कुणाकडे पुण्या-मुंबईचा पाहुणा उतरला की 'सरांकडे घेऊन जा' म्हणतात. पाहुणा अर्ध्या तासात उठतो. चहा संपलेला असतो म्हणून उठतो, असं मी धरून चाललो आहे.

तर 'ऐतिहासिक गावे व निसर्ग, एक दिवस, नाश्ता-जेवणासह' या सहलीला मी निघालो तो बघायला नव्हे, तपासायला. खांद्याला शबनम, खिशाला दोन पेनं, हातात जाड वही. वही कोरी होती, पण लांबून ते कळत नाही. सोबत थोरली बहीण, आक्का. जळकोट येईपर्यंत ती वहीकडे बघत होती. मग म्हणाली, "काय लिवलालास रं त्यात?"

"नोंदी."

"कशाच्या? अजून तर काई दिसलं न्हाई."

गाइड म्हणजे एक तरतरीत पोरगी. गळ्यात ओळखपत्र, कमरेला छोटा स्पीकर. तिनं मला पहिल्याच वाक्यात 'काका' केलं. सगळी हयात 'सर' ऐकलेल्या माणसाला 'काका' म्हणजे पदावनतीच. "काका, मागं मागं राहू नका." मी मागं राहत होतो तो मुद्दाम. मागच्या लोकांना हळू आवाजात पूरक माहिती देता येते. एका तरुण जोडप्याला मी हेरलं. नळदुर्ग हे एकेकाळी जिल्ह्याचं ठिकाण होतं, १८५३ नंतर काही वर्षं इथला कारभार मेडोज टेलर बघत होता, ठगांवर कादंबरी लिहिणारा तोच तो, आणि चांदबिबीवरही त्यानं... इथवर मी आलो, तोच नवऱ्यानं माझ्या हातात मोबाइल दिला. "काका, मागचा बुरूज पूर्ण आला पाहिजे हं." चांदबिबी तिथंच राहिली. फोटो मात्र चांगले आले.

माझा खरा हुकमी एक्का पाणीमहालापाशी होता. छापील पत्रिकेत नर-मादी धबधबे 'निसर्ग' या सदरात टाकले होते. मला वर्षानुवर्षं याचीच चीड आहे. अहो, हा निसर्ग नव्हे! बोरी नदी अडवून घातलेला बांध आहे तो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमाराला बांधलेला. सांडव्याचं पाणी दोन ठिकाणांहून कोसळतं, त्यातला मोठा तो नर आणि लहान ती मादी. कुणा कारागिरानं डोकं चालवून, दगडावर दगड चढवून केलेलं काम सरळ निसर्गाच्या नावावर जमा करायचं म्हणजे काय? निसर्गाचा वाटा फक्त पावसाचा, आणि आमच्याकडे तोही दरसाल येईल असं नाही. हे सगळं मी बसमध्ये मनात घोकून ठेवलं होतं. बांधावर उभं राहून घसा खाकरला, तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, "पत्रिकेत निसर्ग लिहिलंय, पण हे माणसाचं काम आहे बरं का." पुढचंही तिनं नीट सांगितलं, इब्राहिम आदिलशहा, बांध, सांडवा, सगळं. मी वहीत उगाच एक रेघ मारली.

मग आम्ही बांधाच्या पोटातल्या पाणीमहालात उतरलो. पायऱ्या अरुंद, भिंती गार. आत कमानींची छोटी खोली आणि नदीकडे उघडणारी खिडकी. खिडकीबाहेर पांढरं पाणी पडद्यासारखं कोसळत होतं. आवाज एवढा, की गाइडचा स्पीकर आणि मी, दोघंही निरुपयोगी झालो. आतली फरशी मात्र कोरडी. हात बाहेर काढला की कोपरापर्यंत भिजावा आणि आत घेतला की आपण नवाब! सगळे मोबाइल वर करून उभे. आक्का खिडकीशी गेली, बराच वेळ बघत राहिली आणि माझ्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "केवढं पानी वाया चाललंय की रं!"

ते वाया जात नाही, पुढं नदीतच जातं, हे मी तिला सांगितलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे.

खंडोबाकडे निघालो. इथं मला जरा सैल सोडा, कारण हा माझा आवडता विषय आहे. या खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन. एक नळदुर्गाजवळ मैलारपूरला, दुसरं अणदूरला. देव अणदुरात सव्वादहा महिने राहतो आणि नळदुर्गात पावणेदोन. आणि हे नुसतं तोंडी नाही, दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. मी घर भाड्यानं दिलेलं आहे, त्यामुळे करार म्हटला की माझे कान टवकारतात. आपण माणसं अकरा महिन्यांचा करार करतो, देव त्याच्याही आत बसवलेला! पण मला खरी भुरळ पडते ती त्या सव्वा आणि पावणेची. दहा-दोन असा सरळ हिशोब करून पंच मंडळी जेवायला गेली असती की नाही? नाही गेली. कुणीतरी पाव महिना मागितला असणार. कुणीतरी 'देत नाही' म्हणालं असणार. पानाची चंची मोकळी झाली असेल, आवाज चढले असतील, कुणी उठून निघालं असेल, त्याला धोतराला धरून खाली बसवलं असेल. साडेसात दिवसांसाठी! कुणाला देव नको म्हणून नव्हे, दोघांनाही जास्त हवा म्हणून. हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढं इतकं स्वच्छ उभं राहतं, की एखाद्या दिवशी मी ते इतिहास म्हणून सांगून मोकळा होईन.

भाद्रपद चालू होता, म्हणजे देव अणदूरला. गाइडनं कराराची गोष्ट सांगितली, लोक हसले. आक्का हसली नाही. तिनं विचारलं, "आनि मदी देवाला इचारत्यात का?"

आक्काला दोन मुलगे. एक पुण्याला, एक उमरग्याला. दोघंही चांगले, सुनाही चांगल्या. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असं ठरलेलं आहे, आणि बॅग दरवेळी वेळेवर भरली जाते. तिचा पाव महिना वाढवून मागायला मात्र अजून कुणी बसकण मारलेली नाही. मीही नाही. माझं घर मुरुमात आहे, भाडेकरू ठेवण्याएवढं मोठं.

गाइड म्हणाली, "देवाला विचारत नाहीत, आजी. पण न्यायला-आणायला सगळं गाव येतं."

"मंग बरंय," आक्का म्हणाली.

दुपारचं जेवण ठीक. आमटीला तिखट शहरी माणसाच्या बेतानं घातलं होतं, एवढं सांगितलं की पुरे.

तेरला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. हेच जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात नाव असलेलं, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं. रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच व्यापाऱ्यानं मातीतून निघालेल्या जुन्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, त्यांच्या नावाचं संग्रहालय तिथं आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली आणि तिकडे इटलीत पॉम्पेईच्या राखेतून निघालेली बाहुली सख्ख्या बहिणी शोभतील अशा आहेत. लोक रोमला जाऊन येतात आणि तेर कुठं आहे म्हणून मला विचारतात, याचा मला जो राग येतो तो मी इथं आवरतो. मुरुमचेही विचारतात.

शेवटी गोरोबाकाकांचं देऊळ. गाइडनं थापटण्याची कथा सांगितली: संत ओळीनं बसले आहेत, गोरोबा मडकी तपासावीत तसं एकेकाचं डोकं थापटून बघताहेत, सगळे निमूट आहेत आणि नामदेव तेवढे रागावले, म्हणून तेच मडकं कच्चं ठरलं. कथेच्या शेवटी नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांचं नाव यायला हवं होतं. ते तिनं घेतलं नाही. दिवसभरात पहिल्यांदाच! मी हात वर केला, पुढं झालो, "यात एक भर घालायची म्हणजे..."

मागून टाळूवर टक्कन बोट वाजलं. आक्का होती.

"आजून कच्चंच हाय," तिनं सगळ्यांदेखत निकाल दिला. जोडपं हसलं, गाइड हसली. आणि मी रागावलो, म्हणजे निकाल कायमच झाला.

तुम्ही येणार असाल तर पाऊस बरा झाल्यावर भाद्रपदात या. बांध भरून वाहत नसेल तर नर-मादीच्या जागी नुसता दगड दिसतो. खंडोबा त्या दिवसांत अणदूरला असतो, पौष पौर्णिमेच्या यात्रेला यायचं असेल तर नळदुर्गात. पाणीमहालाच्या पायऱ्या ओल्या असतात. घरचं म्हातारं माणूस बरोबर आणा, आणि उतरताना वही पिशवीत ठेवून त्याचा हात धरा.