रुमालाखालची बोटं

आमच्या बास्केटबॉल संघाने हॅलिबर्टन दुसऱ्या संघाला देऊन टाकला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. आमच्या हिचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या मते मी दोन पोळ्या आणि भरली वांगी व्यवस्थित संपवली आणि मग 'संघ बुडाला' म्हणत सोफ्यावर आडवा झालो. पुरावा तिच्याकडे आहे. ८ फेब्रुवारी २०२२, कालनिर्णयचा चौकोन, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, डेंटिस्टच्या वेळेखाली तिच्या अक्षरात : 'हे म्हणाले, संघ बुडाला.'

जुनी कालनिर्णयं ती टाकत नाही. त्यामुळे २९ मार्च २०२३ सुद्धा उपलब्ध आहे. त्या रात्री आमचे सॅक्रामेंटो किंग्ज सोळा हंगामांच्या उपासानंतर प्लेऑफमध्ये पोचले. दुसऱ्या दिवशी रामनवमी. चौकोनात लिहिलंय : 'हे म्हणाले, हा सौदा मीच आधी सुचवला होता.' आणि जून २०२५ : 'हे म्हणाले, हॅलिबर्टनला देऊ नका असं मी घसा फोडून सांगत होतो.'

बायकोच्या हातात पेन असू नये. निदान खेळाच्या बाबतीत.

मी १९९८ साली सॅक्रामेंटोजवळ नोकरीला आलो, त्याच वर्षी क्रिस वेबरही किंग्जमध्ये आला. हा योगायोग मी आजवर अनेकांना सांगितला आहे, आणि सांगताना दोन्ही घटनांना सारखंच वजन देतो. आम्ही तिघं दर शनिवारी सकाळी कॉफीला जमतो : मी, डॉक्टर (हे मातीचे डॉक्टर, मृदाशास्त्राचे, पण इथल्या मराठी मंडळात कोणाचा गुडघा दुखला तरी सल्ला देतात) आणि नाना. नाना निवृत्त आहेत आणि त्यांचा आवडता शब्द 'पॅकेज'. 'दोन पोरं आणि दोन फर्स्ट राउंड पिकचं पॅकेज केलं तर?' असं ते अशा सुरात विचारतात, जणू दिवाळीचा फराळच बांधून द्यायचा आहे.

डॉक्टरांचं दुःख २०१८ चं आहे. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं निवडायच्या रांगेत, किंग्जचा नंबर दुसरा होता. लुका डॉन्चिच समोर होता. आमच्या लोकांनी मार्व्हिन बॅगली घेतला. तिसऱ्या नंबरावर गेलेला लुका पुढे डलासमध्ये काय झाला, ते जगाने पाहिलं. डॉक्टर चार पावलं चालले की थांबतात आणि म्हणतात, 'लुका समोर होता हो.' फेब्रुवारी २०२५ मध्ये डलासने तोच लुका लेकर्सना देऊन टाकला आणि तिथल्या लोकांनी स्टेडियमबाहेर शवपेटी आणून ठेवली, तेव्हा डॉक्टर सात वर्षांत पहिल्यांदा हसले. 'आपण निदान न घेण्याचा मूर्खपणा केला. त्यांनी घेऊन दिला!' त्याच शनिवार-रविवारी आम्हीही आमचा डिअॅरन फॉक्स सॅन अँटोनिओला दिला होता. पण ते आठवण्याआधी डॉक्टरांनी दुसरी कॉफी मागवली होती.

आता सौदा म्हणजे काय, हे सांगायला हवं, आणि इथे मी थोडा वाहवत जाणार आहे. एनबीएत पगाराच्या मर्यादेवर गेलेल्या संघाला नुसता आवडला म्हणून खेळाडू घेता येत नाही. जितक्या पगाराचा माणूस घ्यायचा, साधारण तितक्या पगाराची माणसं द्यावी लागतात. अमेरिकन लोक याची गणितं मांडतात. मला त्यांची कीव येते. कारण हा धंदा मी आठ वर्षांचा असल्यापासून पाहिलेला आहे, खरसुंडीच्या बाजारात.

आटपाडी तालुक्यातलं खरसुंडी. सिद्धनाथाची यात्रा, आणि खिलार जनावरांचा बाजार. पांढरेशुभ्र, शिंगं मागे वळलेले खोंड, आणि त्यांच्याभोवती फेटे बांधलेले आमचे स्काउट. हे लोक आधी तोंड उघडून दात बघत. आदत म्हणजे दुधाच्या दातांचा, कोरा. ज्याला इकडे ड्राफ्ट पिक म्हणतात. मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि शेवटी जुळलेला, म्हणजे ज्याच्याकडून आता नवं काही निघायचं नाही, पण नांगराला भरवशाचा. नाना ज्याला 'व्हेटरन लीडरशिप' म्हणतात तो हाच. मग खूर. मग वशिंड. मग अंगावरचे भोवरे : कुठला शुभ, कुठला घराला खाणारा. इकडे पोरांच्या पसरलेल्या हातांची लांबी मोजतात आणि त्याला शास्त्र म्हणतात. भोवऱ्यांचा हिशेब मला अजूनही जास्त खात्रीचा वाटतो. बॅगलीच्या अंगावर कुठेतरी भोवरा असणारच.

आणि भाव? भाव कधी तोंडाने बोलायचा नाही. दलाल शेतकऱ्याचा हात हातात घेई, वर रुमाल टाकी आणि रुमालाखाली बोटं दाबली जात. इतकी बोटं म्हणजे इतके शेकडे. चेहऱ्यावर काहीही नाही. शेजारी उभा असलेला माणूस आभाळाकडे बघतोय, आणि रुमालाखाली एका जनावराचं गाव बदलतंय. फेब्रुवारीत सौद्यांची मुदत संपते त्या दिवशी, जेव्हा फोनवर बातम्या दणादण पडत असतात, तेव्हा मला तो मळका रुमाल दिसतो.

बैल एकटा घेत नाहीत, जोडी घेतात. आणि जोडीत एक डाव्या अंगाला चालणारा लागतो, एक उजव्या. हे मी शनिवारी टेबलावर मीठ-मिरीच्या बाटल्या ठेवून सिद्ध करून दाखवलं होतं : फॉक्स डावखुरा, हॅलिबर्टन उजवा, एकाच जुवाखाली चालणारी तरणी जोडी. 'असली जोडी फोडणाऱ्याला आमच्याकडे पाणी देत नाहीत,' असंही म्हणालो. पण त्यांनी जोडी फोडली. हॅलिबर्टन, एकवीस वर्षांचा पोरगा, त्याला इथेच राहायचं होतं, आणि त्याला इंडियानाला पाठवून दिलं. बदल्यात आला डोमंटास सॅबोनिस.

आणि इथेच मी घसरलो. मंडळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी मला विचारलं, 'हे नवीन सबनीस आलेत ते कुठले? साताऱ्याकडचे का?' मी म्हटलं, 'जन्म पोर्टलँडचा. वडील लिथुएनियाचे.' काकू म्हणाल्या, 'म्हणजे घरच्यांपासून लांबच की हो,' आणि त्या क्षणी तो आमचा झाला. किल्ल्यावर हजेरीपट ठेवायचा तो सबनीस. आमचा सबनीस रिंगला आपटून परत येणारा एकूण एक चेंडू गोळा करायचा. ओळीने तीन हंगाम अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त रिबाउंड त्याचे. उजव्या अंगठ्याचं हाड मोडलं होतं, तरी खेळत राहिला. त्या २०२२-२३ च्या हंगामात प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडायला सुरुवात झाली. आमच्या घरामागच्या टेकडीवरून तो दिसतो. निदान मी तसं सांगतो. ही म्हणते, तो मोबाइलचा टॉवर आहे.

ज्या संघाने जोडी फोडली म्हणून मी पाणी बंद करणार होतो, त्या संघाचं मी वर्षभर चरणामृत घेत होतो. पुण्याच्या पुतण्याला फोन करून सांगितलं, 'बघ! सौदा कसा करावा!' हा पुतण्या ऑक्टोबर २०१९ मध्ये मुद्दाम मुंबईला, वरळीच्या डोममध्ये, किंग्जची मॅच बघायला गेला होता. भारतातली पहिली एनबीए मॅच, आपल्या संघाचा मालक मूळचा मुंबईचा, म्हणून मी त्याला पदरच्या पैशांनी जांभळा शर्ट पाठवला होता. किंग्ज ज्यादा वेळेत १३२-१३१ असे एका गुणाने हरले. जिंकला कोण? इंडियाना. दुसऱ्या दिवशीही तेच. पुतण्या तेव्हापासून इंडियानाचा. आमच्या खानदानातला हा पहिला सौदा, आणि बदल्यात काही मिळालं नाही.

३० एप्रिल २०२३. सातवा सामना, घरच्या मैदानावर, वॉरियर्सशी. मी त्या दिवशी आजोबांच्या बैलाची घंटा काढली. इथल्या प्रेक्षकांत घंटांची परंपरा आहे : लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोला गुरांचं गाव म्हणून हिणवलं, तेव्हा इथल्या लोकांनी लाजायचं सोडून गुरांच्या घंटा आणून त्यांच्याच कानाशी वाजवल्या. हे मला ऐकून फार आवडलं होतं. माणदेशातून आलेल्या माणसाला गुरांचं गाव ही शिवी वाटत नाही. तर मी टीव्हीसमोर ती पितळी घंटा वाजवत होतो आणि स्टीफन करी पन्नास गुण करत होता. शेजारच्या घरातून पहिल्या सत्रात हात हलवला गेला, दुसऱ्या सत्रात दार वाजलं. तेव्हापासून घंटेच्या लोलकाला हिने जुन्या सुती साडीचं फडकं बांधून ठेवलंय.

ही घंटा माझ्याकडे कशी आली, ते मी शनिवारच्या टेबलावर कधी सांगितलेलं नाही. १९७२ चा दुष्काळ. कडबा संपलेला, विहीर आटलेली. आजोबा एक बैल घेऊन बाजारात निघाले आणि मी हट्टाने बरोबर गेलो. गिऱ्हाईकाला जोडी नको होती, एकच हवा होता. रुमाल पडला. मी खालून वाकून बोटं बघायचा प्रयत्न केला, पण दिसली नाहीत. मग आजोबांनी बैलाच्या गळ्यातली घंटा सोडली, पंच्यात गुंडाळली आणि मागे न बघता चालायला लागले. घरी आल्यावर आजीला एकच शब्द म्हणाले, 'दिला.' किती आले, बरोबर झालं की चुकलं, पाऊस पडणार होता की नाही, काहीच नाही. राहिलेला बैल गोठ्यात पुढे कितीतरी दिवस आपल्याच अर्ध्या भागात उभा राहायचा. सगळी जागा मोकळी होती. तो सरकायचा नाही.

२२ जून २०२५ ला अंतिम फेरीचा सातवा सामना होता. पोटरी दुखावलेली असताना हॅलिबर्टन खेळायला उतरला. त्याआधीच्या दोन महिन्यांत त्याने शेवटच्या क्षणी इतके सामने फिरवले होते की पुतण्याचे फोन मी घेणं बंद केलं होतं. त्या दिवशी त्याने सात मिनिटांत तीन थ्री मारले. मग चेंडू हातात घेऊन पुढे सरकायला गेला आणि पडला. उजव्या पायाची टाच आणि पोटरी जोडणारी शीर तुटली होती. तो जमिनीवर हात आपटत होता. मी टीव्हीचा आवाज बंद केला. पुतण्याला त्या रात्री मीच फोन केला. दोघंही फारसं बोललो नाही. 'आमचा होता तो,' मी म्हणालो. 'हो काका,' तो म्हणाला. वाद घातला नाही त्याने.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ववत झालो आणि घसा फोडून सांगितल्याची ती नोंद कालनिर्णयवर झाली.

परवा नानांचा फोन आला. आवाज खाली, पॅकेजचा. 'अहो, संघ नव्याने बांधायचा तर आता सबनिसाला काढायला हवं. पगार मोठा, वय वाढतंय. दोन आदत खोंड आणि एक पिक मिळत असेल तर? तुम्ही तर बाजारातले. बोला!' बाजारातला म्हटल्यावर मी खुर्चीत सरळ झालो. चष्मा लावला. कागद ओढला. दात, खूर, वशिंड असे तीन रकाने पाडले. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'कोणाला देताय?'

'सबनिसाला.'

तिने गवारीची शेंग मोडली, शिरा ओढून काढल्या.

'त्यांना राहू दे. माझं आत्ता कुठे नाव पाठ झालंय.'

'काय ठरलं मग?' नाना पलीकडून विचारत होते. 'हॅलो? काय ठरलं?'