तीन टन डबर, जाऊन-येऊन

"गाडीत काय भरलंय?"

"डबर."

"कुठे नेताय?"

"उत्तनला."

"तिथे कुठे टाकणार?"

"टाकणार नाही. परत आणणार."

पहाटेचे पाच वाजले होते. हवालदारांनी बॅटरीचा झोत डबरावरून उचलून माझ्या तोंडावर आणला. दारूचा वास येतो का ते पाहिलं, तो येईना, तेव्हा त्यांची काळजी वाढली. "काका, घरचं कुणी आहे का बरोबर?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. रात्रीच्या अंधारात तिवरांत नि मिठागरांत राडारोडा ओतून पळणाऱ्या गाड्या हा आमच्या मिरा-भाईंदरचा जुना रोग आहे. अशा गावात एक निवृत्त कारकून पहाटे डबर घेऊन खाडीच्या दिशेने निघतो आणि म्हणतो की मी हे फिरवून आणतोय. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही गाडी बाजूला घ्यायला लावली असती.

आता मूळ प्रकरण सांगायला हवं.

ट्रक आमच्या अप्पांचा. 1967 सालचा, बोनेटवाला, टाटा-मर्सिडीज. 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. 1969 मध्ये करार संपला आणि पुढच्या गाड्यांच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे टाटांचा 'टी' आला. अप्पांच्या गाडीवर ताराच होता. त्या ताऱ्याच्या जोरावर ते चारचौघांत "आमच्याकडे मर्सिडीज आहे" असं सांगत, आणि ते खोटं नव्हतं. माझ्या लग्नाच्या बैठकीतही त्यांनी ते सांगितलं. सासरेबुवांनी गाडी बघायचा आग्रह धरला नाही. वरातीत आमची ही नवा शालू नेसून त्या मर्सिडीजमध्ये चढली आणि उतरली तेव्हा शालूला मागून भाईंदरचं मीठ लागलेलं होतं. या गोष्टीला सदतीस वर्षं झाली, शालूची आठवण अजून आठवड्यातून एकदा निघते.

कारण गाडीचा धंदा मिठाचा. भाईंदरच्या आगरातून मीठ भरायचं नि मुंबईत नेऊन उतरवायचं. मिठाने हौदा खाल्ला, मडगार्ड खाल्ली, दारं खाल्ली. तारा कुणीतरी चोरला. अप्पा गेल्यावर गाडी काशिमिऱ्याला एका चिंचेखाली बारा वर्षं उभी होती. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, मी ती चिंच गाठली.

कागदपत्रांचं महाभारत इथे सांगत नाही, त्याला दिवाळी अंकाची अख्खी पुरवणी लागेल. एवढंच सांगतो की 2021 च्या नियमाने पन्नाशी ओलांडलेल्या दुचाकींना आणि खासगी मोटारींना 'व्हिंटेज' असा मान दिला, ट्रकला नाही. मोटार पन्नाशीची झाली की ती वारसा. ट्रक पन्नाशीचा झाला की तो म्हातारा.

मिस्त्रींनी इंजिन उतरवलं आणि पुढचे तीन महिने मी त्यांच्या गॅरेजात स्टुलावर बसून काढले. सहाही बोर लेथवाल्याकडे जाऊन आले. ओव्हरसाइझ पिस्टन आले, नव्या रिंगा आल्या, क्रँक ग्राइंडिंग झालं, बेअरिंगं नवी पडली, व्हॉल्वच्या सीटा घासल्या, पंप नि नोजल कॅलिब्रेशनला गेले. एके दिवशी मिस्त्रींनी मला हाक मारून बोरात बॅटरी मारली. "बघा साहेब."

मला वाटलं होतं आत आरसा असेल. आत बारीक तिरक्या रेघा होत्या, एकमेकींना छेदत गेलेल्या, उत्तनच्या कोळ्यांच्या जाळ्यासारख्या. एवढे पैसे मोजून बोर ओरखडलेलाच दिला की काय, म्हणून माझा चेहरा उतरला. मिस्त्री म्हणाले, "हा होन मारलाय. या रेघांत तेल राहतं. गुळगुळीत केला असता तर तेल थांबलं कुठं असतं?"

पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी हिने नारळ दिला. मिस्त्रींनी स्टॉपर ओढून धरायला एक पोरगा बसवला, म्हणजे डिझेल बंद, आणि नुसता सेल्फ मारत राहिले. तेलाच्या प्रेशरचा काटा हलेपर्यंत आग द्यायची नाही, कारण कोरड्या बेअरिंगवर क्रँक फिरला तर तीन महिन्यांचं काम तीन मिनिटांत जातं. काटा हलला. पोराने स्टॉपर सोडला. इंजिनाने एकदा खाकरून घेतलं, पांढरा धूर काढला आणि धरलं. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार या क्रमाने सिलिंडर पेटतात म्हणे. सरळ एक ते सहा का नाही, असं मी विचारलं. मिस्त्री म्हणाले की शेजारशेजारचे दोघे लागोपाठ पेटले तर क्रँकला एकाच बाजूला मार बसतो. आमच्या सोसायटीच्या सभेत लोकांना असंच बसवायला हवं.

मी मनाशी ठरवलं होतं की आता या इंजिनाला बाळंतिणीसारखं जपायचं. रोज सकाळी पंधरा मिनिटं जागेवरच मंद चालू ठेवायचं, वर टॉवेलने पुसायचं. हे ऐकून मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

"साहेब, आयडलिंगवर ठेवलंत तर मी परत हात लावणार नाही."

मग त्यांनी मला चहा पाजून समजावलं. रिंग बोरावर दाबली जाते ती नुसत्या तिच्या ताणाने नाही. जळलेला गॅस रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. इंजिनाला ओझं असेल तरच तो रेटा मिळतो. तेव्हाच रिंग आणि रेघांचे कंगोरे एकमेकांना घासून जोडी जमवतात. ओझं नसेल तर रिंग वरवर सरकत राहते, रेघांत तेल करपतं, त्याची काचेसारखी पुटं चढतात आणि जोडी कायमची मोडते. मग इंजिन जन्मभर तेल पितं, निळा धूर सोडतं, आणि उपाय एकच, पुन्हा उघडा.

"म्हणजे रिकामं बसवलं की चकाकी चढते," मी घरी येऊन हिला सांगितलं. तिने माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, "दिसतंय."

मिस्त्रींचं पथ्य असं: पहिले हजार किलोमीटर अर्धं ओझं घालायचं, वेग सारखा वरखाली करायचा, टॉप गिअरमध्ये रडवायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही, आणि शक्यतो थांबायचं नाही.

शक्यतो थांबायचं नाही! मिरा-भाईंदरमध्ये! जर्मनीतल्या ज्या इंजिनिअरने हे यंत्र आखलं, त्याला संध्याकाळी सात वाजता काशिमिरा नाक्यावर आणून उभा करायला हवा होता. मेट्रोच्या खांबांच्या सावलीत पहिल्या दिवशी मी पन्नास मिनिटांत सव्वा किलोमीटर कापलं. घोडबंदर रस्त्याला गायमुखच्या घाटात तर चढ होता, ओझं होतं, सगळं होतं, फक्त पुढच्या गाड्या हलत नव्हत्या. आमच्या गावात गाडी चालवणं म्हणजेच आयडलिंग. इथली निम्मी इंजिनं आतून काचेची झाली असणार.

म्हणून पहाट. आणि ओझं हवं म्हणून डबर. मीठ भरणार होतो, पण हिने शालूचं नाव काढलं. तीन टन डबर एकदाच विकत घेतलं आणि रोज चार वाजता ते हिंडवायला लागलो. राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी आणि पुढे चौकचा चढ. 1739 च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या सैन्याने जो धारावीचा किल्ला घेतला तो तिथेच वर आहे. तोफा चढवताना बैलांना जेवढा दम लागला असेल, तेवढा माझ्या गाडीला रोज लागावा, ही मिस्त्रींची अपेक्षा. वर पोचलो की समुद्राकडे तोंड करून थर्मासमधला चहा घ्यायचा आणि तेच डबर घेऊन खाली यायचं. उत्तनच्या मासळीवाल्या आठवड्याभरात मला ओळखायला लागल्या. एकीने विचारलंही, की नवस आहे का?

हे सगळं मी हवालदारांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला.

"मग, रिंगा बसल्या का?"

त्यांचे वडील एसटीच्या डेपोत फिटर होते. पुढची वीस मिनिटं कायदा बाजूला आणि बोनेट वर. त्यांनी डोकं तिरकं करून कान दिला, ऑइलची पट्टी ओढून बोटावर थेंब घासून पाहिला आणि जाताना म्हणाले, "एक टॅपेट वाजतंय. मधला कुठला तरी."

पाचशे किलोमीटरला पहिलं तेल सोडलं. परातीत ते उन्हाला धरलं तर मिठाईवरच्या वर्खासारखी बारीक चमक दिसली. मी हबकलो, मिस्त्री खूश झाले. कंगोरे घासले गेल्याची ती पावती, मात्र पुढच्या खेपेला ती दिसली तर मला झोपेतून उठवा, म्हणाले. हेडचे बोल्ट मधून बाहेर असे क्रमाने पुन्हा ताणले. टॅपेट फीलर घालून तपासली, आणि तिसऱ्या सिलिंडरचं एक खरोखर सैल निघालं. मी हवालदारांना कळवायचं ठरवलं, पण कळवणार काय?

बाकी निगा म्हणाल तर नित्याचीच. सकाळी पट्टी पाहायची. रेडिएटरमध्ये बोअरिंगचं पाणी घालायचं नाही, आमच्याकडचं ते खारट निघतं आणि मिठाने या गाडीचं आधीच पुष्कळ खाल्लंय. एअर क्लीनरच्या तळातलं तेल बदलायचं, त्यात आमच्या गावची जी धूळ बसते तिच्यात एखादी तुळस लागेल.

परवा पंधराशे पुरे झाले. पट्टीवरची तेलाची पातळी तीन आठवडे हललेली नाही, धूर जवळजवळ दिसत नाही. डबर मात्र अजून हौद्यातच आहे. मिरा रोड ते उत्तन या पट्ट्यात कुणाला जोत्यात भरायला तीन टन डबर हवं असेल तर कळवा. भाडं घेणार नाही, फक्त वाट चढाची हवी आणि वेळ पहाटेची.