साठवलेलं कोण वाचतं?

‘नंतर वाचू’ म्हणून साठवलेला लेख कुणीही नंतर वाचत नाही, हे मला मान्य आहे. समोरच्याचा सर्वांत भक्कम मुद्दा आधीच कबूल करून टाकला की वाद घालायला जरा मोकळीक मिळते. तर बुकमार्क वाचले जात नाहीत. आणि तरीही ते जपावेत, शिवाय परक्या कंपनीकडे न ठेवता घरच्या यंत्रावर जपावेत, असं माझं म्हणणं आहे. यात विसंगती वाटत असेल त्यांनी माळ्यावर नजर टाकावी. तिथल्या तांब्याच्या घंगाळातून कित्येक वर्षांत कुणी अंघोळ केलेली नसते, पण ते मोडीत काढायचा विषय एकदा घरात काढून बघा.

परक्याकडे का नको, याचं उत्तर इतिहासात आहे आणि तो इतिहास फारसा जुनाही नाही. बुकमार्क साठवायचं संकेतस्थळ डिलिशस 2003 साली सुरू झालं, 2005 मध्ये याहूने विकत घेतलं आणि डिसेंबर 2010 मध्ये याहूच्या अंतर्गत बैठकीतली एक स्लाइड बाहेर फुटली. तिच्यात डिलिशसचं नाव गाशा गुंडाळायच्या सेवांच्या यादीत होतं. मग ते या हातातून त्या हातात फिरलं आणि 2017 मध्ये त्याच्याच एका चिमुकल्या प्रतिस्पर्ध्याने, पिनबोर्डने, 35,000 डॉलरला घेतलं. मुंबईत एवढ्यात गाडी लावायची जागा मिळाली तरी नशीब समजायचं. पॉकेट 2007 मध्ये ‘रीड इट लेटर’ या प्रामाणिक नावाने जन्मलं, 2017 मध्ये मोझिलाकडे गेलं आणि 8 जुलै 2025 ला बंद पडलं. त्याच जातीचं ऑम्निव्होर त्याआधीच, नोव्हेंबर 2024 मध्ये आटोपलं होतं. ज्यांनी लेख निवृत्तीनंतर वाचायला ठेवले होते, त्यांच्या आधी सेवाच निवृत्त झाली.

यावर कुणी म्हणेल, सेवा गेली तर जाऊ दे, मूळ पान तर जागेवर असेल. तेच नसतं. प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये दाखवून दिलं, की 2013 साली वेबवर असलेल्या पानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले दुवे हार्वर्डच्या अभ्यासकांनी तपासले, तर जवळपास निम्म्या दुव्यांवर मुळात ज्याचा आधार घेतला होता तो मजकूर उरला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाची ही गत, तर मिसळीच्या पाककृतीची काय कथा! म्हणून नुसता दुवा पुरत नाही, पानच उचलून आणावं लागतं. घरच्या यंत्रावर चालवता येणारं लिंकवॉर्डन पानाचं छायाचित्र, पीडीएफ आणि एचटीएमएल प्रत ठेवतं. आर्काइव्हबॉक्स त्याहून हावरट आहे, एकाच पानाच्या अनेक तऱ्हेच्या प्रती काढतं. हे अति वाटेल, पण मराठी वाचकाला तसं वाटायचं कारण नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या अनेक संकेतस्थळांचा मजकूर त्यांच्या त्यांच्या फाँटवर उभा होता. आज तो फाँट हाताशी नसेल, तर अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. मजकूर शाबूत आणि वाचता मात्र येत नाही! अशा पानाचं त्या वेळी काढलेलं छायाचित्र असेल, तर तेवढंच कामी येतं.

इंटरनेट आर्काइव्ह आहे ना, हा आक्षेप वजनदार आहे. ब्रूस्टर केल यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेचे आपल्यावर उपकार आहेत. पण ऑक्टोबर 2024 मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि जुनी पानं दाखवणारं तिचं वेबॅक मशीन काही दिवस बंद होतं. शिवाय लॉगिनच्या आडची पानं तिथे पोहोचत नाहीत. अख्ख्या जगाचं दप्तर एकाच कचेरीत ठेवणं मला तरी धोक्याचं वाटतं, कचेरी कितीही सज्जन असो.

आता खरी अडचण: कष्ट. घरचा सर्व्हर चालवायचा म्हणजे साहेब, कारकून, शिपाई आणि तक्रार खिडकीपुढे ताटकळणारा नागरिक, ही सगळी पदं एकाच माणसाकडे येतात. असे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ते डॉकर अद्ययावत करा, बॅकअप घ्या, आणि तोही त्याच डिस्कवर घेऊ नका, कारण डिस्क गेली की दोन्ही जातात. ज्याला याचा कंटाळा आहे त्याने भानगडीत पडू नये, हे मी मोकळेपणाने सांगतो. थोडी हौस असेल त्याच्यासाठी बुकमार्क साठवणारं लिंकडिंग आहे, ते लहानशा यंत्रावरही चालतं. तशाच शार्लीला तर वेगळा डेटाबेसही लागत नाही. एक धोका मात्र खराच आहे. लेखांना टॅग लावण्यात रविवार असा छान जातो की लेख वाचायची गरजच उरत नाही.

आणि इथेच न वाचण्याचा मूळ आरोप ढिला पडतो. हा साठा वाचायचा नसून उपसायचा असतो. चहाच्या टेबलावर ‘मी कुठंतरी वाचलंय’ असं म्हणणाऱ्याची किंमत ‘हे बघा’ म्हणून पान पुढे करणाऱ्यापेक्षा नेहमीच कमी असते. साठवलेल्या पानांच्या आतला शब्दन्‌शब्द शोधता येत असेल, तर शीर्षकापलीकडे न वाचलेला लेखही ऐन वेळी साक्षीला उभा राहतो. गूगलवर शोधावं म्हटलं, तर ते आपण काय पाहिलं होतं याऐवजी आज काय खपतंय ते आधी दाखवतं.

घरचा सर्व्हरही कधीतरी मरणारच, त्यामुळे बुकमार्कांची यादी अधूनमधून फाइलमध्ये उतरवून ठेवावी. ती फाइल मजेदार असते. ब्राउझर कोणताही असो, पहिल्या ओळीत नाव नेटस्केपचं निघतं, ज्या ब्राउझरची देखभाल त्याच्या मालकांनीच 2008 मध्ये थांबवली. खाली ताकीदही असते, की ही फाइल यंत्राने बनवली आहे, कुणी हात लावू नये. नेटस्केपला ज्यांनी बाजारातून उठवलं, त्या मायक्रोसॉफ्टचा ब्राउझरसुद्धा ती पहिली ओळ आजही इमानेइतबारे छापतो.