न पाहिलेल्या वाघाविषयी खात्रीशीर माहिती

अपुरी माहिती आणि पक्के मत यांचा संसार जगात सर्वत्र सुखाचा चालतो. नागपूर जिल्ह्यातील भिवापूर तालुका त्याच्या अभ्यासाला विशेष सोयीचा, कारण येथे मिरची आहे, वाघ आहे, शेजारच्या पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण आहे आणि या तिन्हींचा निकाल लावायला पानठेले आहेत.

भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे तिच्याविषयी मत नसलेला माणूस परगावचा समजला जातो. तिखटपणा बियांत असतो, हे त्यांतले पहिले मत. प्रत्यक्षात तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतो. बियांना लागतो तो शेजारामुळे. मिरची जितकी लाल तितकी तिखट, हे दुसरे. रंगाची द्रव्ये वेगळी आणि तिखटाचे वेगळे, म्हणून तर कर्नाटकातली ब्याडगी लालभडक असूनही सौम्य लागते. आपले पूर्वज हजारो वर्षे मिरची खात आले, हे मत सर्वांत अभिमानाचे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात भारतात आणली, त्याआधीचे पूर्वज मिऱ्यांवर भागवत होते. तोंड भाजले की पाणी प्यावे, या मताची चिकाटी तर अभ्यासण्यासारखी आहे. तिखटातले कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, दुधाने उतरते. म्हणजे हे मत सावजीच्या प्रत्येक ताटावर खोटे ठरते आणि पुढच्या ताटापर्यंत शाबूत राहते.

रोज खाल्लेल्या वस्तूविषयी एवढे अज्ञान टिकते ते ओळखीमुळे. वस्तू डोळ्यांसमोर असली की ती समजली आहे असे मनाला वाटते. येल विद्यापीठातील रोझेनब्लिट आणि काइल यांनी 2002 साली हेच दाखवले. कुलूप, कपड्याची चेन, शिवणयंत्र कसे चालते ते किती कळते, असे विचारल्यावर लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग ते पायरीपायरीने लिहून द्यायला सांगितले, तेव्हा त्याच लोकांनी आपले गुण आपल्या हाताने कापले. लिव्हरपूलला दुसऱ्या एका प्रयोगात लोकांना सायकलीचे चित्र पुरे करायला सांगितले, तर काहींनी साखळी दोन्ही चाकांना जोडली. अशी सायकल वळणार नाही, हे रोज सायकल पाहणाऱ्यांच्याही ध्यानात आले नाही.

या नियमाला भिवापुरात एक ठळक अपवाद आढळतो: मिरची लावणारा शेतकरी. यंदा पीक कसे येईल असे त्याला विचारले, तर तो “पायू आता” एवढेच म्हणतो. चुरडामुरडा रोग कधी येईल, तोडणीला मजूर मिळतील की नाही, बाजार कुठे जाईल, याचा अंदाज चुकला की त्याचे पैसे जातात. पानठेल्यावर चुकलेल्या अंदाजाचे कोणी काही कापून घेत नाही.

पुरावा अजिबात नसला तर मत सर्वांत पक्के होते, याचे उदाहरण जय नावाचा वाघ. ‘शोले’तल्या जयचे नाव मिळालेला हा वाघ 2013 मध्ये नागझिऱ्याहून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला; या अभयारण्याचा काही भाग भिवापूर तालुक्यात येतो. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही एप्रिल 2016 नंतर तो दिसला नाही. वनखात्याने शोध घेतला, देह मिळाला नाही. इकडे पानठेल्यावर खर्रा घोटून होईस्तोवर त्याला कोणी शिकाऱ्यांनी मारलेला असे, कोणी शेताच्या तारेच्या करंटने, तर कोणाच्या मते तो तेलंगणात सुखरूप संसार करत असे. “मले माहीत हाय ना भाऊ!” हा या सर्वांचा समान आधार. देहच नाही म्हटल्यावर एकही मत खोटे ठरण्याचा धोका नव्हता.

हा दोष न शिकलेल्यांचा, असा समज शिकलेल्यांत आहे. गोसीखुर्दची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज 372 कोटी रुपये होता. पुढे सुधारित अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला. पहिला आकडा काढणारे अभियंते होते, तपासणारे सचिव होते. पानठेल्यावरच्या मताला सही-शिक्का नसतो, एवढाच फरक.

डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, शंभरात सरासरी खालून बाराव्या जागी असणाऱ्या गटाने स्वतःला बासष्टाव्या जागी बसवले. हे संशोधन आता बरेच प्रसिद्ध आहे. ते ज्यांनी ऐकले आहे ते सर्वजण ते शेजाऱ्याला लागू करतात.

उतारा एकच सापडला आहे. 2013 च्या एका अमेरिकी प्रयोगात असे दिसले की आपल्या मताची कारणे विचारली तर माणूस मतावर ठाम राहतो. मत ज्याविषयी आहे ती गोष्ट नेमकी घडते कशी, हे विचारले तर तो थोडा सैल होतो. भिवापुरात हा उतारा जपून वापरावा लागतो. जय तेलंगणात गेला तर कोणत्या वाटेने, आणि कॉलर कोणी काढला, असे विचारणाऱ्याला आधी “लय शाना झाला का बे?” हा प्रतिप्रश्न येतो. मग विषय नागपूर-नागभीड रेल्वेच्या ब्रॉडगेजकडे वळतो, आणि त्या कामात अभियंत्यांचे कुठे चुकले, हे उपस्थित सर्वांना ठाऊक असते.