गृहभांडारविधी

घरातील संगणक, मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच यांना एकाच ठिकाणच्या फायली घरच्या नेटवर्कवरून पुरवणारे, पोटात अनेक हार्ड डिस्क बाळगणारे आणि अहोरात्र चालू राहणारे जे छोटे यंत्र, त्यास नेटवर्क साठवण सर्व्हर किंवा संक्षेपाने नॅस असे म्हणतात. हे यंत्र विकत घेणे सोपे असले तरी त्यात किती डिस्क, कोणत्या जातीच्या आणि कोणत्या रचनेत बसवाव्यात याविषयी तज्ज्ञांत मतभेद आणि कुटुंबात मौन असल्यामुळे या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी आवश्यक ठरते. प्रस्तुत विवेचनात चार खणांचे यंत्र आणि प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्क हे प्रमाण मानले आहे. कारण एवढ्या आकारात शास्त्रातील सर्व प्रमुख वाद उद्भवतात आणि यंत्र टीव्हीच्या कपाटात मावते.

१. संचयविचार

काय साठवायचे हे आधी ठरवावे आणि मग डिस्क घ्यावी असे शास्त्र सांगते, तर आधी डिस्क घ्यावी आणि मग ती भरेल असे काही शोधावे असा लोकाचार आहे. कर्माप्रमाणेच साठाही नित्य, नैमित्तिक आणि काम्य असा त्रिविध असतो. मोबाइलमधून रोज आपोआप येऊन पडणारी छायाचित्रे, वीजबिलांचे फोटो आणि एकाच सुविचाराच्या पाच नातेवाइकांकडून आलेल्या पाच प्रती हा नित्य साठा होय. मुंज, साखरपुडा, लग्न आणि बारसे या प्रसंगी छायाचित्रकाराने सुपूर्द केलेले तासन्‌तासांचे चित्रण हा नैमित्तिक साठा असून, तो कोणी पाहत नाही आणि कोणी पुसूही देत नाही, हे त्याचे लक्षण सांगता येईल. निवृत्तीनंतर सवडीने पाहू या संकल्पाने जमवलेले चित्रपट आणि अभ्यासक्रम हा काम्य साठा होय. यंत्रातील बहुतेक जागा तोच व्यापतो.

या तिन्हींना एकच कसोटी लावावी: हे गेले तर पुन्हा मिळेल काय? चित्रपट पुन्हा मिळतो. आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण मिळत नाही. ज्याचे उत्तर ‘नाही’ असे येईल, ते सर्व एका वेगळ्या फोल्डरमध्ये काढावे. हा फोल्डर बहुधा इतका लहान निघतो की चार डिस्कच्या खरेदीचे समर्थन करणे अवघड होऊन बसते. म्हणून व्यवहारचतुर गृहस्थ ही मोजणी खरेदीनंतर करतो.

२. धारणाविचार

आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. आज तेवढ्या जागेत मोबाइलवरचे जेमतेम एखादे छायाचित्र बसते, आणि जागा अपुरी असल्याची तक्रार मात्र तेव्हापासून अबाधित आहे. या तक्रारीचे एक कारण गणिती आहे. उत्पादक एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट धरतो, तर विंडोज प्रणाली १०२४ च्या पटीत मोजून त्याच एककाचे नाव वापरते, त्यामुळे ४ टीबीची डिस्क तेथे ३.६४ दिसते आणि चार डिस्कचे १६ टीबी १४.५५ वर येतात. त्यांतील एका डिस्कइतकी जागा संरक्षणासाठी दिली की १०.९ उरतात. फाइलप्रणाली पूर्ण भरली की मंदावते म्हणून सुमारे २० टक्के जागा मोकळी ठेवावी असा संकेत आहे, तो पाळला की ८.७ उरतात. दोन डिस्क संरक्षणासाठी दिल्यास हाच आकडा ५.८ होतो. खोक्यावर छापलेला आणि पडद्यावर दिसणारा हे दोन्ही आकडे एकाच वेळी कुटुंबीयांच्या दृष्टीस पडणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

३. रचनाविचार

बर्कली येथील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली असे प्रतिपादन केले की मोठ्या संगणकाच्या एका अवजड, महागड्या डिस्कऐवजी लहान, स्वस्त डिस्कचा समूह वापरता येईल, मात्र समूहात बिघाडाची शक्यता वाढत असल्याने काही जास्तीची माहिती साठवून ती भरून काढावी लागेल. या पद्धतीस रेड असे म्हणतात. मूळ हेतू खर्च कमी करण्याचा होता, याचा गृहस्थाने फार विचार करू नये.

रेड ० या रचनेत माहितीचे तुकडे सर्व डिस्कवर वाटले जातात, संपूर्ण जागा वापरता येते, आणि कोणतीही एक डिस्क गेली की चारही डिस्कवरचा साठा नष्ट होतो. ही रचना वैराग्य प्राप्त झालेल्यांसाठी योग्य होय. वेगासाठी ती स्वीकारावी असे कोणी सुचवल्यास त्याला घरची केबल दाखवावी. गिगाबिट नेटवर्कमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जाऊ शकतात आणि तेवढा वेग आजची एकटी डिस्कही देते.

रेड १ मध्ये तीच माहिती दोन डिस्कवर जशीच्या तशी लिहिली जाते. रेड ५ मध्ये पॅरिटी नावाचा एक तपासअंक ठेवला जातो: तीन डिस्कवर अनुक्रमे १, ० आणि १ असेल, तर एकांची संख्या सम राहावी म्हणून चौथीवर ० लिहिला जातो, आणि पुढे कोणतीही एक डिस्क नाहीशी झाली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा अंक काढता येतो. रेड ६ मध्ये असे दोन स्वतंत्र तपास असल्याने कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालते. रेड १० मध्ये आरशासारख्या दोन जोड्या असतात; तेथेही निम्मीच जागा मिळते, पण गेलेल्या दोन डिस्क एकाच जोडीतल्या निघाल्या तर सर्वनाश होतो. त्यामुळे चार डिस्कवर वेगापेक्षा स्वस्थ झोप प्रिय असणाऱ्याने रेड ६ घ्यावी.

रेड ५ च्या पुरस्कर्त्यांनी एक हिशोब ध्यानात घ्यावा. एक डिस्क बदलली की नवी भरण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क, म्हणजे १२ टीबी, अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबी हा वेग धरला तरी यास सात तासांहून अधिक वेळ लागतो, आणि त्या वेळात आणखी एक डिस्क गेल्यास सारे संपते. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात सुमारे १२.५ टीबी वाचल्यावर एखादा वाचनदोष येऊ शकतो असे नमूद असते. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्याच चांगल्या वागतात. तथापि त्या रात्री गृहस्थ झोपत नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुल्या केलेल्या झेडएफएस या फाइलप्रणालीत प्रत्येक तुकड्यासोबत पडताळणीची बेरीज ठेवलेली असते, त्यामुळे नकळत बदललेला बिट ओळखता येतो आणि दुसरीकडे शाबूत माहिती असल्यास दुरुस्तही करता येतो. महिन्यातून एकदा सर्व साठा असा तपासून घेण्यास स्क्रब म्हणतात. या प्रणालीतील पॅरिटीच्या समूहात एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएसच्या २.३ या आवृत्तीत, २०२५ साली आली. त्याआधी ‘पुढे बघू’ या कौटुंबिक नियोजनपद्धतीला तेथे स्थान नव्हते.

४. डिस्कविचार आणि वीजविचार

डिस्क घेताना तिची लेखनपद्धती पाहावी. ज्या डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या मंगलोरी कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, तिला एसएमआर म्हणतात. मधली एक पट्टी बदलायची तर पुढच्याही पुन्हा लिहाव्या लागत असल्याने अशी डिस्क समूहाच्या पुनर्बांधणीत अतिशय मंदावते, म्हणून सीएमआर म्हणजे सुट्या पट्ट्यांची डिस्क घ्यावी. चारही डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी, लागोपाठच्या क्रमांकांच्या घेतल्यास बिलावर सूट मिळते; परंतु एकाच घाण्यातल्या, एकाच वयाच्या आणि एकाच उष्णतेत राबलेल्या डिस्क एकाच सुमारास निवृत्त होण्याचा संभव असल्याने खरेदी विभागून करावी.

चालू लेखनात वीज गेल्यास रेड ५ मध्ये माहिती लिहिली गेली आणि तपासअंक राहिला अशी अवस्था उद्भवू शकते. पंख्या-दिव्यांसाठी घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. बॅटरीवर येताना तो क्षणभर घेतो, पंख्याला तो क्षण कळत नाही आणि सर्व्हरला कळतो. म्हणून काही मिलिसेकंदांत भार उचलणारा आणि यूएसबी केबलद्वारे सर्व्हरला वेळेवर बंद होण्याची सूचना देणारा यूपीएस लावावा. सुमारे ३० वॅटचे यंत्र अखंड चालल्यास महिन्याला साधारण २२ युनिट वीज लागते. हे युनिट फ्रिजच्या नावावर खपून जातात.

५. निषिद्ध आणि प्रायश्चित्त

रेडलाच बॅकअप समजणे हे या शास्त्रातील महापातक होय. रेड डिस्कच्या मरणापासून वाचवते; चुकून पुसलेला फोल्डर ती चारही डिस्कवरून तत्परतेने पुसते, खंडणीखोर विषाणूने कुलूपबंद केलेल्या फायली ती निष्ठेने जपते, आणि चोर यंत्र उचलून नेतो तेव्हा चारही डिस्क एकत्र प्रवास करतात. प्रवासातही फायली दिसाव्यात म्हणून राउटरचे पोर्ट सताड उघडे ठेवणे हे दुसरे पातक असून त्यास व्हीपीएन हा सदाचार सांगितला आहे.

बॅकअप म्हणजे मूळ यंत्रापासून वेगळी ठेवलेली आणि परत मिळवता येणारी प्रत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम असा, की एकूण प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. घराबाहेरच्या प्रतीसाठी कूटबद्ध केलेली डिस्क दुसऱ्या गावच्या बहिणीकडे ठेवावी आणि गुढीपाडवा व भाऊबीज या दोन दिवशी नव्या डिस्कशी अदलाबदल करावी, म्हणजे ओवाळणीसोबत गेल्या सहामाहीचा साठाही सुरक्षित होतो. कूटशब्द मात्र घरातील दुसऱ्या एका व्यक्तीस ठाऊक असावा. अन्यथा गृहस्थाच्या पश्चात त्याचे भांडार अभेद्य, सुरक्षित आणि निरुपयोगी राहते. वर्षातून एकदा एखादी फाइल बॅकअपमधून खरोखर परत काढून उघडून पाहावी, कारण उघडून न पाहिलेली प्रत ही केवळ श्रद्धा होय.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष खर्चिक नाही. पुन्हा न मिळणारा साठा आधी वेगळा काढून त्याच्या तीन प्रती करणाऱ्याने एकही सर्व्हर न घेता हे शास्त्र पूर्ण आचरले असे समजावे, आणि तसे न करता १६ टीबीचे यंत्र घेणाऱ्याने केवळ एक कपाट घेतले असे समजावे. यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वी वाचकाने आज संध्याकाळी तेवढा एक फोल्डर करावा.