फ्लॉपीवाले सर

नव्वदच्या दशकात दिंडोरीत ज्याला कॉम्प्युटर नुसता सुरू करता येई, तो आपोआप ‘सर’ होई. नाशिकला कोर्स करून आलेले हे सर त्यातलेच. सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा डबा काखेत. सकाळी पतसंस्था, दुपारी द्राक्षांचा व्यापारी, संध्याकाळी क्लास. कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायला लावत, धूळ नको. फ्लॉपी मात्र कुणाचीही असो, कुठूनही आलेली असो, थेट आत.

फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की त्या फ्लॉपीवर मशिनला काही लिहिता येत नसे. सरांना हा अविश्वास वाटे. म्हणत, “आपलीच माणसं आहेत.”

त्या आपल्या माणसांतच ‘जोशी’ होता. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ हा व्हायरस काढला, त्यात चक्क स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला. 1990 साली भारतात सापडलेल्या जोशीने फक्त आडनाव सांगितलं. आपल्याकडे तेवढ्यावर बाकीचं लोक काढतातच म्हणा! फ्लॉपी आत राहिली असेल, तर मशिन सुरू होताना तिचा पहिला कप्पा आधी वाचे. मूळ मजकुराला मागे सरकवून जोशी तिथे बसे, पहिल्याच पंगतीत घुसलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा. तिथून मेमरीत, मेमरीतून हार्ड डिस्कवर, आणि पुढे घालाल त्या प्रत्येक फ्लॉपीवर. मग सर डबा उचलून पुढच्या गिऱ्हाइकाकडे.

वर्षभर कुणाला पत्ता नसे. 5 जानेवारीला मशिन अडून बसे: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा, मगच काम. त्या दिवशी ऑफिसात जोशी आडनावाचा कुणी असला तर त्याची खैर नसे. एखादा बागायतदार विचारी, “सर, हे भुरीसारखंच ना? मग फवारा कोणता मारायचा?”

“कंट्रोल-ऑल्ट-डिलीट.”

त्या फवाऱ्याने जोशी ढिम्म हलत नसे. मशिन पार बंद करून स्वच्छ फ्लॉपीने सुरू करायला हवं. ती सरांच्या डब्यात कुठली?

पुढे सरांनी दूरदृष्टी दाखवली. डिसेंबरअखेरीस हिंडून प्रत्येक मॉनिटरवर वाढदिवसाच्या शुभेच्छांची चिठ्ठी लावून ठेवली, स्पेलिंगसकट. चिकटवायला डब्यात कोऱ्या पडलेल्या त्या खाचेच्या पट्ट्या होत्याच.